दारातली सायकल ऑफिसला का जात नाही?

सप्रेम नमस्कार.

मी विश्रामबागला राहते, वय ४३. गणपती पेठेतल्या एका पतसंस्थेत नोकरी आहे. घरापासून ऑफिस साडेचार किलोमीटर, रोज मोपेडवर जाते. मागच्या तपासणीत शुगर काठावर आली. गोळी नाही, पण डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. सकाळी डबे, संध्याकाळी स्वयंपाक, चालायला वेळ कुठून काढू? म्हणून ठरवलं, ऑफिसलाच सायकलवर जावं. दिवाळीत मुलानं पसंत केलेली जाड टायरची, गिअरची सायकल घेतली. थोडे दिवस गेले आणि सुटलं. सांगली-मिरज रोडला बस, डंपर, उसाचे ट्रॅक्टर अंगावर येतात, सायकलसाठी वेगळी पट्टी कुठं नाही. पोचेपर्यंत पाठ घामानं भिजते आणि तसंच काउंटरवर बसावं लागतं. गुडघे दुखतात. सोमवारी युनिफॉर्मची साडी असते, ती चेनमध्ये जाते. ऑफिसखाली सायकल लावायला जागा नाही. संध्याकाळी मुलीला क्लासहून आणायचं, भाजी, दूध, सासूबाईंची औषधं घ्यायची, ते सायकलवर कसं जमणार? मिस्टर म्हणतात, दारात गाडी असताना सायकल कशाला, लोक काय म्हणतील. आता सायकल जिन्याखाली धूळ खात पडलीय. मी आळशीपणा करतेय का? की माझ्यासारखीनं हा नाद सोडावा?

एक वाचक, सांगली

ताई,

आधी आळशीपणाचं. सकाळी डबे करून, दिवसभर काउंटर सांभाळून, येताना मुलीला आणि भाजी-औषधं घेऊन घरी पोचणाऱ्या बाईनं स्वतःला आळशी म्हणावं, याचं मला फार वाईट वाटलं. तो शब्द काढून टाका. तुमच्या अडचणी खऱ्या आहेत. त्यातल्या निम्म्या पान्यानं आणि थोड्या पैशांत सुटतील. एक-दोन घरात बोलून सोडवाव्या लागतील. रस्त्याची अडचण मात्र तुम्ही एकटीनं पूर्ण सोडवू शकणार नाही. तरीही नाद सोडा असं मी म्हणणार नाही.

ट्रॅफिक, घाम, गुडघे, साडी, हे सगळं तुम्ही वेगवेगळं मांडलंय. मुलीचा क्लास, भाजी, दूध, औषधं मात्र एका वाक्यात उरकलंत, जणू त्याला इलाजच नाही. मला वाटतं, तुमची सायकल खरी अडलीय ती तिथं. तुमच्या मोपेडवर नुसत्या तुम्ही ऑफिसला जात नाही, सगळं घर तिच्यावर चालतं. पुरुषमाणूस बहुतेक वेळा घरातून निघतो तो कामावर आणि कामावरून निघतो तो घरी. बाईची वाट वाकडी असते. क्लास, मेडिकल, मंडई, दळण, कुणाकडं आजारपण असेल तर तिथं डोकावणं. वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांनाही देशोदेशी हेच आढळलंय की बायकांचे फेरे छोटे, पण जास्त आणि एकात एक गुंतलेले असतात. सायकलीबद्दलचे बहुतेक सल्ले सरळ वाटेनं जाणाऱ्या माणसाला धरून दिलेले असतात. ते वाचून तुमच्यासारखीला उगाच वाटत राहतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

म्हणून पहिलं काम घरात बसून करायचं. आठवड्यातले तीन दिवस मुलीला क्लासहून आणायचं काम मिस्टरांचं, हे ठरवून टाका. जमलं तर बघा, असं म्हणू नका. कोणते वार, किती वाजता, उशीर होणार असेल तर कुणाला फोन, इथपर्यंत ठरवा. नाहीतर पहिल्याच आठवड्यात ऑफिसात अडकलो म्हणून फोन येईल आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. व्यायाम तुम्हाला सांगितलाय, पण त्यासाठी लागणारा वेळ घरातूनच निघणार आहे. तो तुमच्या झोपेतून काढायचा नाही. दूध घरपोच लावा. सासूबाईंची रोजची औषधं महिन्याची एकदम आणा आणि तेही काम मुलाला द्या. दिवाळीत आईसाठी सायकल निवडण्याएवढा तो मोठा आहे, म्हणजे मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवण्याएवढाही आहे.

मुलगी किती मोठी, हे तुम्ही लिहिलं नाहीत. आठवीच्या पुढं असेल आणि क्लास विश्रामबागेतच असेल, तर तिलाच सायकल द्यायचा विचार करा. मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून राज्य सरकार सायकली देतं, कारण शाळा सुटू नये म्हणून त्याचा उपयोग होतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुली खेड्यातल्या रस्त्यानं सायकलवर शाळेत जातात, आपण त्यांचं कौतुक करतो आणि त्याच मुली नोकरीला लागल्या की सायकलवर दिसत नाहीत. तुमच्या घरात आई आणि मुलगी दोघी सायकलवर असल्या तर मला फार आनंद होईल.

राहिली भाजी. सायकलवर सामान नेता येत नाही, असं तुमची सायकल बघून वाटणं साहजिक आहे. दोन्ही बाजूंना दुधाच्या भरलेल्या किटल्या लावून फिरणारे गवळी आपण सगळ्यांनी पाहिलेत. ज्या सायकलीला कॅरिअर नाही तिच्यावर मात्र कोथिंबिरीची जुडीही नेता येत नाही. हल्ली दुकानात पुढं मांडलेल्या बऱ्याच सायकलींना कॅरिअर नसतं, मडगार्ड नसतं, चेनला कव्हर नसतं. पोरांना त्या आवडतात. त्या मजेसाठी चांगल्या असतील, पण ऑफिसला जाणाऱ्या बाईच्या कामाच्या नाहीत. आता घेतलीय ती विकू नका. जवळच्या सायकल दुकानात नेऊन मागं कॅरिअर, दोन्ही चाकांना मडगार्ड, चेनला कव्हर आणि साईड स्टँड बसवून घ्या. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या मिळतात. चार-पाच किलोचा बाजार त्यात आरामात बसतो आणि तोल जात नाही. हँडलला पिशवी मात्र कधी अडकवू नका, वळताना ती चाकात जाते. जाड, खडबडीत टायरना डांबरी रस्त्यावर जोर जास्त लागतो. ते झिजले की त्याच मापाचे गुळगुळीत टायर टाका. तोवर हवा भरपूर ठेवा. ट्यूबमधली हवा पंक्चर नसतानाही हळूहळू कमी होते, त्यामुळं दर आठ-दहा दिवसांनी भरावीच लागते. अंगठ्यानं दाबल्यावर टायर सहज आत जात असेल, तर तुमची निम्मी ताकद तिथंच वाया जातेय.

आता गुडघे. इथं नीट लक्ष द्या, कारण माझा अंदाज आहे की दोष गुडघ्यांत नसून सीटमध्ये आहे. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत, म्हणजे भीती वाटत नाही, असं आपल्याकडं बायकांना सांगतात आणि सीट खाली घालून देतात. मग पेडल मारताना गुडघा छातीकडं येतो, पूर्ण सरळ कधीच होत नाही आणि सगळा ताण गुडघ्याच्या वाटीवर पडतो. सायकल भिंतीला टेकवून उभी करा. सीटवर बसा, एक पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेला राहत असेल तर सीट वर घ्या, कंबर एका बाजूला झुकवावी लागत असेल तर थोडी खाली. मग चालवताना टाचेऐवजी पावलाचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघ्यात नेमका हवा तेवढाच बाक राहतो. एकदम उंच केली तर भीती वाटेल, म्हणून दर आठवड्याला बोटभर वर घेत जा. थांबताना सीटवरून पुढं उतरून एक पाय खाली टेकायचा. सवय होईपर्यंत कॉलनीतल्या रस्त्यावर सराव करा. आणि गिअर हलका ठेवा. पाय भराभर फिरले पाहिजेत, रेटा द्यावा लागता कामा नये. सांगलीत साताऱ्यासारखे चढ-उतार नाहीत. या सपाट गावात जड गिअरवर पाय दुखवून घ्यायचं काहीच कारण नाही.

रस्त्याच्या भीतीबद्दल मी तुम्हाला सवय होईल असं सांगणार नाही. डंपरची सवय व्हायला नकोच. उपाय एकच, तो रस्ता शक्य तेवढा टाळायचा. मोपेडवर आपण ज्या रस्त्यानं जातो त्याच रस्त्यानं सायकलवरही जायला निघतो आणि तिथं फसतो. विश्रामबागेतून कॉलन्यांच्या आतल्या गल्ल्यांनी शंभर फुटी रस्त्याला लागा आणि गावाकडं या. तिथंही गॅरेजांसमोर गाड्या उभ्या असतात, पण सांगली-मिरज रोडइतकी अंगावर येणारी वाहतूक नाही. अर्धा किलोमीटर जास्त पडेल, पडू दे. एखाद्या रविवारी सकाळी मिस्टरांना बरोबर घेऊन ती वाट चालवून बघा. कुठं खड्डे आहेत, कुठं कुत्री अंगावर येतात, कुठला चौक नको वाटतो, हे कामाच्या गडबडीत कळत नाही. कुत्रं मागं लागलं तर वेग वाढवू नका, उतरा आणि सायकल त्याच्या-तुमच्या मध्ये धरून चालत पुढं जा. बहुतेक वेळा ते तिथंच थांबतं.

चालवताना रस्त्याच्या अगदी कडेला चिकटू नका. कडेला वाळू, काचा, गटाराच्या जाळ्या असतात, आणि तुम्ही कडेला सरकलात की मागचा तेवढ्याच जागेतून काढायला बघतो. उभ्या गाड्यांपासून हातभर अंतर सोडून सरळ रेषेत चला, दार कधी उघडेल सांगता येत नाही. मोठ्या चौकात उजवीकडं वळायचं असेल तर उतरून, पायी, झेब्र्यावरून जा. त्यात कमीपणा काही नाही.

उसाच्या ट्रॅक्टरबद्दल मात्र कडक नियम. हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत, आपल्या भागात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात. वळताना मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, ती आत कापत येते. ट्रॅक्टर डावीकडं वळत असताना त्याच्या डाव्या अंगाला जो असेल तो ट्रॉली आणि कडेच्या मध्ये सापडतो, आणि ड्रायव्हरला तो दिसतही नाही. म्हणून त्याच्या डावीकडून पुढं काढायचं नाही, कितीही घाई असो. मागं थांबा, त्याला जाऊ द्या. थंडीत ऑफिस सुटेपर्यंत अंधार पडायला लागतो, तेव्हा मागं लाल चमकणारा दिवा, पुढं पांढरा दिवा आणि डोक्याला हेल्मेट हवंच. दिवे काही शे रुपयांत येतात. ओढणी असेल तर दोन्ही टोकं मागं घट्ट बांधा.

घाम पाठीवर येतोय, म्हणजे बॅग पाठीला आहे. ती कॅरिअरवर गेली की निम्मी तक्रार मिटेल. चालवताना वाऱ्यानं घाम वाळत असतो, खरा घाम थांबल्यावर फुटतो. म्हणून शेवटची पाच मिनिटं अगदी सावकाश चालवा, दहा मिनिटं आधी पोचा, ओल्या नॅपकिननं मान-पाठ पुसा आणि कोरडा कुर्ता घाला. एक जोडी ऑफिसच्या कपाटात ठेवा. सोमवारी साडी आहे ना, सोमवारी मोपेडनं जा.

रोज सायकल, नाहीतर काहीच नको, असा हट्ट धरणाऱ्यांची सायकल लवकर जिन्याखाली जाते. मंगळवार, गुरुवार, शनिवार धरा. मागच्या वाटेनं पाच किलोमीटर, ताशी बाराच्या आरामशीर वेगानं २५ मिनिटं. जाऊन-येऊन ५०, तीन दिवसांची १५०. प्रौढ माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमचं गणित तीन दिवसांतच पुरं होतं. मार्चनंतर सांगलीचं ऊन भाजतं. तेव्हा ऑफिसला मोपेडनं जा आणि सायकल पहाटे कॉलनीतच चालवा. मुसळधार पावसात, पुराच्या दिवसांत जाऊच नका. पावसानं काळी माती रस्त्यावर आली की चाक घसरतं.

ऑफिसखाली जागा नाही, हे मात्र मुकाट्यानं मान्य करू नका. एका चारचाकीच्या जागेत आठ-दहा सायकली राहतात, तुम्हाला तर एकच लावायचीय. मॅनेजरांना लेखी अर्ज द्या. जिन्याजवळचा खांब किंवा आतली एखादी जाळी दाखवून, इथं कुलूप लावून ठेवू द्या, असं नेमकं मागा. नुसतं जागा द्या म्हटलं की जागा नाही हेच उत्तर येतं. कुलूप चाकाला एकट्याला न लावता चाक, फ्रेम आणि खांब तिन्हीला मिळून लावा.

आता लोक काय म्हणतील. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती आणि दुचाकी गाडी २१ टक्के घरांत. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांत साधारण १३ टक्के लोक सायकलवर कामाला जात होते. सकाळी आठच्या सुमाराला मार्केट यार्डाकडं किंवा कुपवाडच्या एमआयडीसीकडं जाणारे रस्ते बघा. डब्याची पिशवी कॅरिअरला दाबून बसवलेली, पायजम्याची एक बाजू दुमडलेली, अशी माणसं आजही दिसतात. आपण मध्यमवर्गीयांनी सायकल सोडली त्यात सोयीइतकंच त्यांच्यासारखं दिसू नये हेही होतं, हे कबूल करायला हवं. मिस्टरांच्या मनातली भीती तीच आहे. त्यांच्याशी वाद घालू नका, शुगरचा रिपोर्ट पुढं ठेवा. उद्या गोळ्या सुरू झाल्या तर पथ्य आणि खर्च लोक वाटून घेणार नाहीत. पतसंस्थेतल्या बायका सुरुवातीला विचारतील, मग किती वेळ लागतो म्हणतील, आणि त्यातली एखादी तुमच्याबरोबर यायलाही लागेल.

ती आली तर दोघी मिळून महापालिकेकडं आणि नगरसेवकांकडं जा. रस्ते गाड्यांसाठी नाहीत, माणसांसाठी आहेत, हे तत्त्व २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच आहे. सायकल आणि पायी चालणाऱ्यांना जागा देण्याची भाषाही त्यात आहे. नेदरलँड्समध्ये सगळेच सायकल चालवतात असं आपण ऐकतो, पण तिथंही मोटारी वाढल्यावर रस्त्यांवर शेकड्यांनी मुलं मेली. सत्तरच्या दशकात आई-बाप निदर्शनं करत रस्त्यावर उतरले, त्यानंतर रस्ते बदलू लागले. तुम्ही उद्या वेगळ्या पट्टीची मागणी केलीत तर ती उद्याच होणार नाही. पण शंभर फुटी रस्त्यावरचे बंद दिवे लावा, अमुक ठिकाणचा खड्डा बुजवा, हे दोन महिन्यांत होऊ शकतं. त्यापासून सुरुवात करा, अर्जाची पोच घ्या.

या आठवड्यात सीट आणि कॅरिअर, रविवारी वाट बघून येणं, पुढच्या मंगळवारी पहिला दिवस. सीट नीट करूनही महिनाभरात गुडघा दुखायचा थांबला नाही किंवा सूज आली, तर सायकल बंद ठेवून हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. तीन महिने झाले की एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करून घ्या. मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगरची सरासरी त्यात कळते, नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यावरून फरक समजत नाही. तो रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडं जा आणि पुढं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. मला कळवा.